लग्न न झालेल्या आईबापांचं मूल: बैठकीत ठरवलेला ताबा आणि स्टॅम्प पेपर, काय करावं?

सातपुडा_पायथा | 6 एप्रिल, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. घरचीच गोष्ट आहे, म्हणून गावांची नावं टाळतो.

माझी धाकटी बहीण पुण्यात नोकरीला होती. तिथे एका मुलासोबत पाच वर्षं एका घरात राहिली. तो मूळ धुळे जिल्ह्यातला. जात वेगळी, दोन्ही घरांचा विरोध, आज करू उद्या करू म्हणता म्हणता लग्न राहूनच गेलं. मुलगा झाला. तो आता चार वर्षं आठ महिन्यांचा आहे. दीड वर्षापूर्वी दोघांचं बिनसलं आणि बहीण लेकराला घेऊन आमच्याकडे आली. तालुक्याला एका पतसंस्थेत कामाला लागली. भाचा बालवाडीत जातो, दुपारी माझ्या आईजवळ असतो.

मागच्या रविवारी भाच्याचा बाप, त्याचे वडील आणि चार जाणती माणसं आली. ओसरीत बैठक बसली. ठरलं असं, की मुलगा पाच वर्षांचा झाला की बापाकडे द्यायचा, कायदाही तेच सांगतो. मुलगी असती तर प्रश्न नव्हता, असं एकाने तोंडावर म्हटलं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सगळं टाइप करूनच आणलं होतं. बहीण आतून बाहेर आली नाही आणि तिने सहीही केली नाही. माझे वडील म्हणाले, पंधरा दिवस द्या, विचार करतो. त्यांना गावात राहायचंय, माझ्या चुलत बहिणीचं लग्न जमवायचंय.

त्या कागदाला किंमत आहे का? पाच वर्षांचा कायदा खरा आहे का? आणि तिसरं, जे मला झोपू देत नाही: भाच्याला बाप आठवतो. फटफटीचा आवाज आला की दारात पळतो. चार महिन्यांपासून आम्ही त्याचे फोन घेणं बंद केलंय. आम्ही बरोबर केलं का?

---

भरीत_पुरी | 6 एप्रिल, रात्री 10:31

सही करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू.

---

वकील_धुळे | 6 एप्रिल, रात्री 11:48

दादा, आधी तो पाच वर्षांचा घोळ सोडवतो. अर्ध्या बैठका याच वाक्यावर चालतात.

दोन्ही घरं हिंदू आहेत असं धरतो. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे, त्याचं कलम 6. त्यातला पहिला खंड लग्नाच्या जोडप्याच्या मुलांचा. तिथे नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई, पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे, असं लिहिलंय. तुमच्या ओसरीत जे पाच वर्षं आले ते इथून. त्याच कलमाचा दुसरा खंड लग्नाशिवाय झालेल्या मुलांचा आहे. तिथे क्रम उलटा: आधी आई, तिच्यानंतर बाप. पाच वर्षांचा उल्लेखच नाही. भाचा पाचचा होवो की पंधराचा, नैसर्गिक पालक तुमची बहीण.

पहिल्या खंडातही पाचवा वाढदिवस झाला की मूल उचलून बापाच्या गाडीत बसवायचं, असं कुठेही म्हटलेलं नाही. कलम 13 म्हणतं, मुलाचं कल्याण सर्वांत वर. त्यामुळे 'आई आहे म्हणजे काहीही झालं तरी आईच' हेही खरं नाही. आईकडे मुलाची हेळसांड होत असेल तर न्यायालय बापाकडे देऊ शकतं. फक्त ते त्याला अर्ज करून, पुरावा देऊन सिद्ध करावं लागेल.

तो अर्ज कुठे? 1890 चा पालक आणि पाल्य कायदा, कलम 9: मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात. म्हणजे तुमच्या जळगाव जिल्ह्यात. पुणे नाही, धुळेही नाही.

आता स्टॅम्प पेपर. दोघांनी राजीखुशीने लिहिलेलं न्यायालय विचारात घेतं, पण मुलाच्या ताब्याचा करार न्यायालयाला बांधत नाही. मुलाचं हित वेगळं दिसलं तर तो बाजूला ठेवतात. आणि सही तुमच्या वडिलांनी केली तर तिला काहीच अर्थ नाही. ते पालकच नाहीत.

बहिणीला वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जळगावला न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका समितीही असते.

---

बापू_शिरपूर | 7 एप्रिल, सकाळी 7:20

वकील साहेबांचा मान ठेवून बोलतो. बैठकीला इतकं खाली पाडू नका. मी पंचवीस वर्षं अशा बैठकांना बसलोय. कोर्टात तारखा पडतात तोवर पोराला मिसरूड फुटतं. बैठकीत दोन घरं समोरासमोर बसतात, एका दिवसात वाट निघते, पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागत नाही.

आणि मुलाला बापाचं नाव लागतं हो. उद्या शाळेत, सोयरिकीत, कुणाचा कोण म्हणून विचारतीलच. बाप स्वतः दारात आलाय, नाकारत नाहीये. किती बाप तर तोंड फिरवतात. त्याचा काहीच विचार नको?

---

आजी_पारोळा | 7 एप्रिल, सकाळी 9:05

बापू, पोऱ्या काय वावर शे का, हिस्सा पाडाले?

नातवाच्या मोबाईलवरून लिहिते आहे. बैठकीत ती माय कुठे होती ते कुणी सांगता का? आत होती. चुलीपाशी. जिचं लेकरू, ती आत, आणि ज्यांनी त्याचं एक लंगोट धुतलं नाही ते ओसरीवर. माझ्या वेळीही असंच होतं. माझ्या नणंदेचा मुलगा असाच चार माणसांनी उचलून दिला होता. ती त्यानंतर कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला कधी हसली नाही. मी पाहिलेलं सांगते.

भाऊ, आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली. त्या पोऱ्याले झोका बांधी द्या. आणि बहिणीला ओसरीत बसवा.

---

तापीकाठ | 7 एप्रिल, दुपारी 1:44

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. लग्न न झालेला बाप.

माझी मुलगी सात वर्षांची आहे, आईजवळ नाशिकला असते. आम्ही वेगळे झालो तेव्हा ती दोनची होती. पहिले अकरा महिने मला तिचा आवाजही ऐकू दिला नाही. दुधाची बाटली मी भरायचो, रात्री ताप आला की खांद्यावर मी फिरवायचो. आणि एका दिवशी मी कुणीच नाही. कायद्यात आईनंतर बाप लिहिलंय हे मला वकिलाने वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो.

तरी सांगतो, ताबा मागू नका असं त्या भावाला कुणीतरी सांगा. मी आधी ताब्याचाच अर्ज करणार होतो. रागात. माझ्या आईने विचारलं, तू ड्यूटीला गेलास की तिला कोण बघणार, मी? माझे गुडघे? मग मी अर्ज बदलला आणि फक्त भेट मागितली. मिळाली. आता महिन्यात दोन शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस ती भुसावळला येते. गाडी प्लॅटफॉर्मला लागायच्या आधी खिडकीतून हात बाहेर काढते, रोज सांगूनही.

सातपुडा दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही, बरोबर केलं नाही. फोन सुरू करा. कोर्टासाठी म्हणून सांगत नाही. तो मुलगा दारात पळतो म्हणून.

एक गोष्ट इतर बापांसाठी. हिंदू उत्तराधिकार कायद्यात लग्नाशिवाय झालेलं मूल आईचं वारस धरतात, बापाचं आपोआप धरत नाहीत. मी मृत्युपत्र करून ठेवलंय. वंशाचा दिवा म्हणणाऱ्यांनी आधी तो कागद करावा.

---

एकटी_आई_शहादा | 7 एप्रिल, रात्री 9:30

तापीकाठ भाऊ, तुमचं वाचून मन भरून आलं. सगळे बाप असे असते तर.

बापू, बापाच्या नावाबद्दल. माझ्या मुलीच्या बापाने गरोदरपणातच हात वर केले. मी जन्मनोंदणीला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने चार जणांसमोर मोठ्याने विचारलं, बापाचं नाव काय. मी परत आले. तीन वेळा परत आले. मग कुणीतरी 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. त्या प्रकरणातली आई अविवाहित होती, पालकत्वाच्या अर्जात बापाचं नाव सांगायला तिने नकार दिला होता. न्यायालयाने तिचं म्हणणं मानलं आणि हेही म्हटलं, की अविवाहित आईने शपथपत्र दिलं की जन्मदाखला द्यायचा. मी तो निकाल छापून नेला. चौथ्या वेळी दाखला मिळाला.

पासपोर्टच्या अर्जातही 2016 च्या डिसेंबरपासून एकाच पालकाचं नाव पुरतं. आणि आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. माझी लेक मोठी आहे, तिला तो नियम नाही, तरी वहीवर ती माझंच नाव लिहिते. सोयरिकीत विचारतील तेव्हा विचारतील, बापू. ती आत्ता तिसरीत आहे आणि तिला पाढे आठवत नाहीत, माझी काळजी तेवढीच आहे.

---

वकील_धुळे | 7 एप्रिल, रात्री 10:15

ताई, शाब्बास. फक्त सातपुडा दादांसाठी एक खुलासा. 2015 च्या त्या प्रकरणात बापाचा मुलाशी काहीही संबंध नव्हता, आईनेच एकटीने वाढवलं होतं. तुमच्या भाच्याचा बाप तीन वर्षं त्याच्यासोबत राहिलाय. त्यामुळे त्याला न कळवता सगळं उरकू, असं मनात आणू नका.

पोटगीचंही सांगतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144. लग्नाचं असो वा लग्नाशिवायचं, मुलाला बापाकडून पोटगी मिळते. 'मूल देत नाही तर पैसे देत नाही' हे चालत नाही. आणि 'पैसे देत नाही तर भेटू देणार नाही' हेही चालू नये.

---

केळीवाला_रावेर | 8 एप्रिल, सकाळी 6:50

आमच्या वर सातपुड्यात हे प्रश्नच नाहीत. भोंगऱ्यात पोरगा पोरगी पळून जातात, पंच देज (मुलीच्या घरी द्यायची रक्कम) ठरवतात, विषय संपला. आपणच अवघड करून ठेवलंय.

---

शिक्षिका_धडगाव | 8 एप्रिल, सायंकाळी 6:22

केळीवाले भाऊ, रागावत नाही, पण हे दरवर्षी कुणीतरी लिहितं आणि माझ्या वर्गातल्या मुली ते मोबाईलवर वाचतात. भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीचा बाजार. डाळ्या, गूळ, दागिने, कपडे घ्यायला आणि नातेवाइकांना भेटायला जातात. पळून जायचा सण म्हणून त्याची बदनामी झाली आहे.

पाड्यावर जोडपं आधी एकत्र राहू लागतं, मुलं होतात, लग्नाचा खर्च जमला की लग्न लागतं, हे मात्र मी पाहते. त्या मुलांना कुणी बिनलग्नाचं म्हणत नाही. हे चांगलंच आहे. पण प्रश्न नाहीत असं नाही.

वकील साहेबांनी सांगितलेला 1956 चा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय. त्यामुळे भिल्ल, पावरा घरात जोडपं वेगळं झालं तर रूढी आणि 1890 चा कायदा, एवढंच हाती असतं. आणि रूढी सांगणारे पंच सगळे पुरुष. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने दुसरं घर केलं तेव्हा मुलगी बापाच्या आईकडे राहिली. बाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातो, होळीला येतो. म्हणजे ताबा बापाचा, सांभाळ आजीचा, आणि आजी डोंगर उतरून दवाखान्यात नेऊ शकत नाही. मागच्या पावसाळ्यात तिला ताप होता, मी नेलं. केसपेपरवर पालकाची सही कोण करणार म्हणून थांबवलं. मी केली. मला अधिकार नव्हता, हे मला माहीत होतं.

ताबा कुणाचा हे ठरवताना रोज सकाळी केस कोण विंचरणार, एवढं तरी बैठकीत विचारावं.

---

केळीवाला_रावेर | 8 एप्रिल, रात्री 8:01

बाई, चुकलं. लिहिताना विचार केला नाही. माफी असावी.

---

जुना_पोऱ्या | 9 एप्रिल, रात्री 12:35

हा धागा तीन दिवस वाचतोय. मी असाच मुलगा आहे. आता 36 वर्षांचा.

माझ्या आईचं आणि बापाचं लग्न झालं नव्हतं. मी सहा वर्षांचा असताना बैठक झाली. कागद पिवळा होता, त्यावर चार अंगठे आणि दोन सह्या होत्या. मला तांबड्या रंगाची तीनचाकी सायकल दिली आणि सांगितलं, तुझ्या बाबांचं घर बघून येऊ. मी सायकल घेऊन गेलो. आई मला नंतर तेरा वर्षांचा असताना भेटली.

तिकडे मला कुणी मारलं नाही. आजोबा जीव लावायचे. जेवायला कमी नव्हतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी खरं सांगितलं नाही. आई गेली असं म्हणाले. मी सात वर्षं ती मेली असं समजून होतो. पितरांच्या जेवणाला मी मनातल्या मनात तिच्या नावाने कावळ्याला घास टाकायचो.

तेराव्या वर्षी ती अमळनेरच्या बसस्टँडवर माझ्यासमोर उभी राहिली. मी ओळखलं नाही. तिने माझ्या कानामागचा डाग बघितला.

सातपुडा दादा, तुमच्या भाच्याला बापाबद्दल खोटं सांगू नका. कामाला गेलाय, परदेशी गेलाय, काहीही नको. बाबा तिकडे राहतात, आई इकडे राहते, दोघं तुझे आहेत. चार वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. मला कळलं असतं.

---

भरीत_पुरी | 9 एप्रिल, सकाळी 8:10

काय लिहू. जुना_पोऱ्या दादा, नमस्कार घ्या.

---

बापू_शिरपूर | 9 एप्रिल, सकाळी 11:40

रात्रभर विचार केला. माझ्या हातूनही दोन बैठकांत मुलं दिली गेली आहेत. एक आज चांगल्या नोकरीला आहे. दुसऱ्याचं काय झालं ते मी कधी विचारलंच नाही. आज त्या गावी फोन लावला. अजून कळलं नाही.

बैठक वाईट असं मी अजूनही म्हणणार नाही. भांडणारी दोन घरं एका सतरंजीवर बसवणं सोपं नसतं. पण आजी म्हणतात ते खरं. आई आत ठेवून बसलो, ते चुकलं.

---

सातपुडा_पायथा | 9 एप्रिल, रात्री 9:55

सगळ्यांचे आभार. आज बहिणीला हा धागा वाचायला दिला. ती जुना_पोऱ्या दादांपर्यंत आली आणि उठून गेली. तासाभराने मला म्हणाली, फोन लाव. व्हिडिओवर दहा मिनिटं बोलले बापलेक. भाच्याने त्याला नवी कंपासपेटी दाखवली, दोनदा उघडून.

वकील साहेब, दोन शंका. प्रसूतीच्या कागदांवर त्याचं नाव पती म्हणून आहे, घरमालकालाही नवराबायकोच सांगितलं होतं. त्याने काही बिघडतं का? आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, कागद केला नाही तर तुमच्या घरी कुणी लग्नाला येणार नाही. वडील त्यालाच घाबरलेत.

---

वकील_धुळे | 9 एप्रिल, रात्री 11:20

पहिली शंका महत्त्वाची आहे. स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवराबायकोसारखे राहिले तर न्यायालय लग्न झालं असं गृहीत धरू शकतं. 2008 आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलंय. समोरचा तसं म्हणू शकेल, म्हणजे मुलगा पहिल्या खंडात येईल. पण मग त्याला मान्य करावं लागेल की तुमची बहीण त्याची बायको आहे, तिचे सगळे हक्क आले. बैठकीला आलेल्यांना ते नको असणार. पाच वर्षं हा काळ पुरेसा की नाही, ते पुराव्यावर ठरतं. कसंही ठरलं तरी शेवटी प्रश्न मुलाच्या कल्याणाचाच येतो, आणि दीड वर्षं तो जिथे रुळलाय ती गोष्ट तिथे वजनदार असते. कागद फाडू नका, लपवू नका. बालवाडीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, सगळं एका फाईलीत ठेवा.

दुसरी: 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वडिलांना हे सांगा. समोरच्यांनाही शांतपणे सांगा, धमकी म्हणून नको.

माझा सल्ला: विधी सेवा प्राधिकरणात खटल्याआधीच्या मध्यस्थीचा अर्ज करा. बापाला बोलवा, बापूंच्या भाषेत सांगायचं तर बैठकच बसवा. फक्त तिथे तुमची बहीण खुर्चीवर असेल.

---

आजी_पारोळा | 10 एप्रिल, सकाळी 8:30

खुर्चीवर! बरोब्बर.

---

सातपुडा_पायथा | 22 जून, रात्री 9:18

बरेच दिवसांनी आलो. काय झालं ते सांगतो, तुमचा हक्क आहे.

तीन वेळा जळगावला गेलो. पहिल्या वेळी त्याचे वडील आले आणि रागाने उठून गेले. दुसऱ्या वेळी तो एकटा आला. मध्यस्थ बाईंनी दोघांना वेगवेगळं आणि मग एकत्र बसवलं. आम्हाला, म्हणजे मामा, आजोबा सगळ्यांना, बाहेर बाकावर ठेवलं. सव्वादोन तास. बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते, पण माझी बहीण ताठ चालत होती.

ठरलं ते असं. मुलगा आईकडे. महिन्यात दोन रविवार बाप इकडे येऊन भेटणार, बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ. रात्रीचा मुक्काम सहा महिन्यांनी, मुलाची तयारी बघून. दरमहा सहा हजार मुलाच्या खात्यात. शाळा आणि दवाखान्याचा निर्णय आईचा, पण बापाला कळवून. शाळेतल्या कार्यक्रमाला दोघंही जाऊ शकतात. स्टॅम्प पेपर त्यानेच परत नेला. काय केलं ते आम्ही विचारलं नाही.

माझी कबुलीही इथेच देतो. बाकावर बसलो असताना मला त्याचा राग येत होता तितकाच, त्याने भाच्यासाठी आणलेली चिक्कीची पिशवी बघून स्वतःचाही आला. चार महिने फोन मीच कापत होतो. बहिणीने नव्हे.

---

तापीकाठ | 22 जून, रात्री 9:40

सहा महिन्यांनी मुक्कामाचं नीट ठरवा. पहिल्या रात्री माझी लेक दोन वाजता उठून रडली होती. मी तिच्या आईला फोन लावून दिला, दोघी बोलल्या, झोपली. त्याला आधीच सांगून ठेवा की असं झालं तर फोन लावायला कमीपणा नाही.

---

आजी_पारोळा | 23 जून, सकाळी 7:15

झोका बांधला का?

---

सातपुडा_पायथा | 23 जून, सकाळी 7:52

बांधला, आजी. आखाजीला निंबाच्या फांदीला बांधला तो अजून सोडलेला नाही. मागच्या रविवारी त्याचा बाप झोके देत होता, आणि माझी आई ओसरीतून ओरडत होती, इतका उंच नको.

---

वकील_धुळे | 23 जून, सकाळी 10:30

तडजोडीची प्रत बालवाडीत देऊन ठेवा. मुलाला शाळेतून कोण नेऊ शकतं ते बाईंना लेखी माहीत हवं.

---

सातपुडा_पायथा | 23 जून, रात्री 8:05

आज दिली. चार नावं लिहिली आहेत. चौथं त्याच्या बापाचं, बहिणीनेच लिहिलं.